पदर लागला तरी दुखतं

एप्रिल महिना होता आणि आई पंखा लावू देत नव्हती. साताऱ्याच्या घरात दुपारी जीव नकोसा होतो, तरी ती म्हणायची, "नको गं, वारं लागतं." गार वाटतं म्हणून नव्हे. वारं लागलं की दुखायचं. डाव्या कुशीला, छातीपासून वळून पाठीपर्यंत, चार बोटं रुंदीचा एक पट्टा होता. त्या पट्ट्यावर झुळूकही तिला सोसत नव्हती. पदर घसरून तिथं टेकला की दचकायची. ब्लाउज तर सुटलेच होते. बाबांचे धुऊन धुऊन मऊ पडलेले जुने बनियन ती घालायची, तेही उलटे, शिवण अंगाला लागू नये म्हणून.

डिसेंबरात याच पट्ट्यावर नागीण उठली होती. शेजारच्या काकू रोज येऊन ती किती पुढे सरकली ते बघून जायच्या, कारण नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जगत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. तशी ती बहुधा भिडत नाहीच. नागिणीचा विषाणू एकाच नसेच्या मुळातून बाहेर पडतो आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, त्यामुळे फोडांची रांग मध्यावर येऊन थांबते. आईचीही थांबली. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या आणि काकूंनी देवाला नारळ फोडला. दुखणं मात्र राहिलं.

पहिले डॉक्टर म्हणाले, "फोड सुकले ना, आजी? मग आता काय दुखणार?" दुसऱ्यांनी छातीची डावी बाजू म्हणून ईसीजी काढला, एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, नातवंडांत मन रमवा." तिसऱ्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "घरात काही वाद वगैरे आहेत का?"

आई ३२ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होती. शब्द वापरताना ती हयगय करत नाही. तिन्ही ठिकाणी तिनं एकच वर्णन केलं होतं: "लवंगी मिरची वाटून चोळावी तशी आग होते. मधूनच सणक येते, विजेचा झटका बसल्यासारखी. तिथं टाचणी टोचली तर नीट कळत नाही, बधिर आहे. पण पदर लागला तरी दुखतं." हे शेवटचं ऐकून एक डॉक्टर हसले होते. बधिरही आहे आणि दुखतंही, दोन्ही एकदम कसं होईल?

होतं. त्या चार वाक्यांत तिच्या आजाराचं निदान होतं, आणि ते तिनं डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. गेल्या सव्वाशे वर्षांतलं वेदनेचं विज्ञान त्या वाक्यांच्या मागे उभं आहे.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांची परतफेड. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत संवेदना वाहणाऱ्या नसांच्या ज्या गाठी असतात, तिथं तो पन्नास-साठ वर्षं दडून बसतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. ही कल्पना नीट मांडली ती १९६५ साली, इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावात दवाखाना चालवणाऱ्या एडगर होप-सिम्पसन या साध्या फॅमिली डॉक्टरनं. आपल्याच दवाखान्यात १६ वर्षांत आलेल्या नागिणीच्या १९२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या. कुणाला कधी उठली, घरात कांजिण्या होत्या का, पुन्हा उठली का, हे ते विचारत आणि लिहून ठेवत. विषाणू खरोखरच तिथं दडतो याचे प्रयोगशाळेतले पुरावे पुढे आले.

येताना हा विषाणू ज्या नसेतून येतो तिला जखमी करून येतो. कातडीवरचे फोड भरतात, आतली नस भरतेच असं नाही. पुरळ उठल्यावर तीन महिने उलटूनही दुखणं राहिलं तर त्याला नागिणीनंतरची मज्जावेदना म्हणतात, आणि वय जितकं जास्त तितका तिचा धोका जास्त. आई तेव्हा ७१ वर्षांची होती.

आता तिची मिरची. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली एक रेणू शोधून काढला. वेदनेचे निरोप वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर तो दारासारखा बसलेला असतो. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की हे दार उघडतं आणि मेंदूला "भाजतंय" असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं हेच दार उघडतं. मिरची जिभेला भाजत नाही, तिच्यामुळे तापमान कणभरही वाढत नाही, पण मज्जातंतूला ते कळायला मार्ग नसतो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जखमी मज्जातंतूत हे दार अतिशय हळवं होऊन बसू शकतं. मग अंगाच्या नेहमीच्या उबेनंही ते उघडायला लागतं. ठेचा करताना हाताची जी आग होते आणि आईच्या कुशीत जी होत होती, त्या दोन्ही एकाच वाटेनं येतात. तिनं अलंकार वापरला नव्हता. आणखी एक गोष्ट: नागिणीनंतरच्या या दुखण्यावर तीव्र कॅप्सेसिनची पट्टीही औषध म्हणून वापरतात. दार इतकं ठोठावायचं की काही आठवडे ते तंतूच गप्प बसतात.

सणकेचंही असंच आहे. तापलेल्या तव्याला बोट लागतं तेव्हा दोन वेदना होतात, एक नाही. आधी चटका, ज्यानं हात मागे येतो. मग सेकंदभरानं पसरत जाणारी आग. चटक्याचा निरोप वेष्टण असलेल्या तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं धावतो, आगीचा निरोप वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम एक मीटर रांगतो. म्हणून पहिली वेदना नेमकी आणि तीक्ष्ण, दुसरी सावकाश आणि पसरट. जखमी तंतू कुणी न छेडताही आपोआप ठिणग्या सोडतात, तीच ती विजेसारखी सणक. आपल्या भाषेनं हे भेद कधीच टिपून ठेवले आहेत. सणक वेगळी, चमक वेगळी. ठणका नाडीबरोबर ठोके देतो, ठसठस गळवाची असते, कळ पोटातून उठते, उसण कंबरेत भरते, रग खांद्याला लागते, पेटका पोटरीला येतो. चुरचुरणं, हुळहुळणं, सलणं, शिणशिणणं, झिणझिण्या, मुंग्या. घराघरांत आज्यांच्या तोंडी हे सगळे शब्द असतात, आणि केसपेपरवर त्या सगळ्यांचं मिळून एकच होतं: "पेन प्लस".

या शब्दांना वैद्यकात मान मिळवून दिला रोनाल्ड मेल्झॅक या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञानं. १९५०च्या दशकात ते अमेरिकेत ओरेगन इथं वेदनेच्या रुग्णांबरोबर काम करत होते. पाय कापलेल्या एका वृद्ध स्त्रीनं आपल्या नसलेल्या पायातल्या वेदनेचं इतकं तपशीलवार वर्णन केलं, की तेव्हापासून ते रुग्णांचे शब्द टिपायला लागले. त्यातूनच १९७५ साली मॅकगिल वेदना प्रश्नावली तयार झाली, २० गटांत विभागलेल्या ७८ शब्दांची. पुढे २००५ साली फ्रान्समध्ये दहा प्रश्नांची एक छोटी चाचणी आली. आग होते का, विजेचे झटके बसतात का, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, कातडीला हलकं घासलं तर दुखतं का. दहापैकी चार उत्तरं "हो" आली की दुखणं नसेचं असण्याची शक्यता दाट. आईच्या चार वाक्यांत ही चार उत्तरं आपसूक होती. मशीन लागत नव्हतं, पैसे लागत नव्हते.

बधिरही आणि दुखरंही, या कोड्याचं उत्तर कातडीच्या तुकड्यांनी दिलं. नागिणीनंतर ज्यांचं दुखणं राहिलं त्यांच्या कातडीचा बारीकसा तुकडा अमेरिकेतल्या अ‍ॅन लुईस ओकलँडर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तिथं मज्जातंतूंची टोकं फार कमी उरलेली दिसली. टोकं गेली म्हणून टाचणी कळत नाही. पण त्या टोकांच्या निरोपांची वाट पाहणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी जिवंतच असतात. वरून निरोप येईनासे झाले की त्या शांत होण्याऐवजी बेचैन होतात, आणि स्वतःहूनच ओरडायला लागतात. बधिरपणा हा त्या दुखण्याविरुद्धचा पुरावा नव्हता, दुखण्याचं मूळच ते होतं.

राहिला पदर. लहान मूल पडलं की आपण तिथं हळूच चोळतो, फुंकर घालतो. हा नुसता लळा नाही, त्यानं वेदना खरोखर कमी होते. का, ते मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, तेही १९६५ सालीच: मज्जारज्जूत एक फाटक आहे, आणि स्पर्शाचे जाड तंतू ते वेदनेसाठी लोटून घेतात. मग १९८३ साली, वॉल यांच्याच लंडनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की दुखापतीनंतर मज्जारज्जूचं वागणंच बदलतं. दुखऱ्या जागी भूल दिली तरी तो बदल मिटत नाही. बिघाड त्या जागी उरलेला नसतो, तो आत सरकलेला असतो. एकदा का मज्जारज्जू असा चाळवला गेला, की स्पर्शाच्या तंतूंचा निरोपही वेदनेच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग फुंकरीनं आराम पडायचा तर फुंकरच बोचायला लागते.

अशी वेदना एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयत दिसत नाही, कारण ही यंत्रं अवयवांचा आकार दाखवतात. नस तुटलेली, दबलेली, सुजलेली असेल तर दिसेल; ती विनाकारण पेटत असेल तर नाही. एवढंच काय, नसांचा वेग मोजणारी चाचणीही जाड तंतूंपुरतीच असते, आगीचे बारीक तंतू तिच्या आवाक्यात येत नाहीत. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहेत" याचा अर्थ फक्त एवढाच, की आपण जिथं शोधलं तिथं सापडलं नाही. उलटही घडतं. १९९४ साली अमेरिकेत कंबरेचा कोणताही त्रास नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या मणक्यांतली एखादी तरी चकती फुगलेली निघाली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चित्र आणि दुखणं यांची जोडी आपण समजतो तितकी पक्की नाही. वेदनेचा एकच थेट साक्षीदार असतो, तो म्हणजे ज्याला दुखतंय तो माणूस.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा रुग्णाच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, ही गोष्ट व्याख्येच्या टिपणांत स्पष्टपणे घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-सूचीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःची जागा मिळाली आहे. ती दुसऱ्या कशाचं लक्षण असलीच पाहिजे असं आता नाही. ती स्वतःच आजार असू शकते.

मग ऐकलं का जात नाही? डॉक्टर मंडळी निर्दय असतात असं मला वाटत नाही. आईला पाहणाऱ्या तिघांच्याही दाराबाहेर चाळीस-चाळीस माणसं बसलेली होती. २०१७ साली ६७ देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला: स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात ४८ सेकंद, आपण दोन मिनिटांच्या आसपास आहोत. पण वेळच सगळं नाही. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर आणि रुग्ण यांची ७४ संभाषणं तपासली गेली, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला मध्येच तोडतात असं निघालं. चारांतल्या एकालाही आपलं म्हणणं पुरं करायला मिळालं नव्हतं. आईच्या चार वाक्यांना किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिलं. २३ सेकंद.

बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पोटदुखी घेऊन आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला ४९ मिनिटं लागली होती, बायकांना ६५. पाळीच्या वेळी जीव जाईल असं दुखणाऱ्या मुलींना "बाईच्या जातीला एवढं चालायचंच" असं ऐकून घ्यावं लागतं, आणि एंडोमेट्रिओसिसचं निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात. जननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एका स्त्रीला तो असतो. न ऐकण्याचा दुसरा प्रकार त्याहून भयंकर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी समितीनं २०१९ साली पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. कंबर दुखते, ओटीपोट दुखतं, अंगावरून जातं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. डोक्यावर मोळी घेऊन दिवसातून किती वेळा ट्रकच्या फळीवर चढतेस, कुठं आणि कसं दुखतं, हे आधी कुणी विचारलं असतं तर? माझ्या आईचं दुखणं नाकारलं गेलं, त्यांचं दुखणं कापून टाकलं गेलं. ऐकलं कुणाचंच नाही.

हेन्री हेड हे नाव मला या निमित्तानं कळलं, आणि ते मनातून जात नाही. लंडनच्या या डॉक्टरनं १९०० साली नागिणीच्याच पट्ट्यांवरून, कोणती नस कातडीच्या कोणत्या भागाची, याचा नकाशा तयार केला. नस तुटलेले रुग्ण जे सांगायचे ते त्यांना पुरतं उमगत नव्हतं, रुग्णांना नेमकं सांगता येत नाही असंही वाटत होतं. तेव्हा १९०३ साली त्यांनी स्वतःच्याच डाव्या हाताची नस कापून घेतली. पुढची चार वर्षं केंब्रिजमध्ये रिव्हर्स नावाचे त्यांचे मित्र त्या हाताला कापूस, टाचण्या, गरम आणि गार नळ्या लावून पाहत राहिले आणि हेड डोळे मिटून सांगत राहिले. नस पुन्हा वाढू लागली तेव्हा एका टप्प्यावर साधी टोचणीही पसरट आणि विलक्षण त्रासदायक लागायची, आणि ती कुठं टोचली ते बोट ठेवून दाखवता यायचं नाही. रुग्ण काय म्हणतोय ते कळावं म्हणून एका डॉक्टरनं आपला हात असा पणाला लावला होता.

जूनमध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही पुण्याला वेदना-चिकित्सेच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मूळच्या भूलतज्ज्ञ. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, कसं दुखतं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी मध्ये बोलणार नाही." आईनं तिची चार वाक्यं सांगितली आणि थांबली. बाई तरीही गप्प होत्या. मग आई पुढचं बोलली, जे मीही ऐकलं नव्हतं: रात्री दोनला उठून ओट्याशी बसते, झोपेची गोळी दोनदा जास्त घ्यावीशी वाटली होती, आणि "मला वाटायला लागलंय की माझं डोकंच फिरलंय." 

बाईंनी तिला समजावून सांगितलं. वेदना मनाची नाही, पण मनाला ती सोडत नाही. झोप गेली की वेदना वाढते आणि वेदनेनं झोप जाते. गोळ्या लिहिताना एक सूचना आवर्जून दिली, जी प्रत्येक रुग्णाला मिळायला हवी: या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नैराश्यावरही देतात. मोबाइलवर नाव शोधलं की माणसाला वाटतं, आपल्याला वेड्यात काढलं. खरं कारण वेगळं आहे. मेंदूपासून मज्जारज्जूकडे वेदना दाबणारी एक वाट खाली उतरते, तिची रसायनं आणि मनःस्थितीची रसायनं काही अंशी एकच आहेत, आणि दुखण्यासाठी मात्राही बरीच कमी लागते. आईचं वय पाहून त्यांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन टाळली आणि प्रिगाबालिन अगदी थोड्या मात्रेत रात्री सुरू केली, जोडीला लिडोकेनची पट्टी. सगळं दुखणं जाईल असं वचन दिलं नाही. निम्म्यावर आलं तरी आपण जिंकलो, म्हणाल्या. आणि मला बजावलं, की नागीण उठल्यावर ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायच्या असतात. आम्ही पहिले चार दिवस लेप लावण्यात घालवले होते. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतातही मिळते. महाग आहे. बाबांना आणि काकूंना ती आम्ही नंतर दिली.

तपासताना बाईंनी कापसाचा बोळा आणि टाचणी घेतली होती. आईला डोळे मिटायला सांगून त्या बाहेरून आत येत गेल्या, "इथं? आता इथं?" आणि जिथं जिथं आई दचकली तिथं तिथं निळ्या पेनानं खूण केली. मग खुणा जोडल्या. छातीपासून पाठीपर्यंत एक लांबट बेट तयार झालं, हेड यांच्या नकाशातलं असावं तसं. त्याचा त्यांनी फोटो काढला, पुढच्या वेळी ताडून पाहायला.

घरी आल्यावर मी ओल्या फडक्यानं ती रेघ पुसायला गेले. आईनं माझा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली, "मोजून घेतलंय त्यांनी."